शेवयांचं गंगाफळ

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी गंगाफळ आलं, की ते आधी नानांच्या ओट्यावर जायचं. जळगावात मेहरूण तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत आमची गल्ली आहे, जेमतेम चौदा घरांची. गंगाफळ म्हणजे तांबडा भोपळा. आमच्या खानदेशात त्याचं नाव हेच. अख्खं गंगाफळ बाईनं फोडू नये, पहिला घाव पुरुषानं घालावा, अशी इकडे पुष्कळ घरांत रीत आहे. गंगाफळ म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर आईनं सुरी कशी चालवायची, असं बायका सांगतात. दुपारी घरोघरचे पुरुष कामावर गेलेले असायचे आणि नाना निवृत्त, हाताशी. मग एकेक जण भोपळा घेऊन त्यांच्या दारात. नाना चष्मा कपाळावर ढकलत, भोपळा दोन्ही हातांनी फिरवून बघत, देठाशी सुरी लावत आणि एका दाबात खालपर्यंत नेत. दोन भकलं झाली, की सुरी पुसून परत वर्तमानपत्र. "गंगाफळ काय कोनं पोरगं शे का?" असं दर वेळी म्हणत आणि दर वेळी कापून देत.

ते स्वतः ही रीत मुळीच मानत नव्हते. नाना बौद्ध, असल्या गोष्टींना त्यांच्या घरात थारा नव्हता. आणि मी शाहीन, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शाळामास्तरीण. आमच्यातही असलं काही नाही, माझा भोपळा मीच फोडते. एकदा मी त्यांना विचारलंच, "नाना, तुम्ही मानत नाही, तर कापून कशाला देता?"

"त्या मानतस ना, ताई. मंग मन्हं काय जास?"

माझं काय जातं, हे त्यांचं नेहमीचं. स्वयंपाकघराशी मात्र त्यांचा संबंध एवढाच होता. घाव घालायचा आणि उठायचं.

काशिनाथनाना मूळचे नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. जळगावच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. गाव सुटलं, बोली सुटली नाही; सगळ्याला अजून 'बठ्ठं'च म्हणायचे. माझ्याशी बोलताना 'शाळेतल्या बाई' म्हणून शुद्ध सुरुवात करायचे आणि दुसऱ्या वाक्याला गावाकडे वळायचे. गल्लीतली कुठलीही पाण्याची मोटर आवाज करू लागली, की बोलावण्याची वाट न बघता यायचे. पेचकस मोटरला टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. माझा नवरा रफिक भाजीचा व्यापारी, ताकदीचा गडी. त्यानं एकदा आमच्या मोटरचा नट पान्हा लावून असा आवळला, की तो फिरेचना. नाना आले. तेल सोडून दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग नट सैल करून दोन बोटांनी पुन्हा बसवला आणि रफिकला म्हणाले, "जोर लावू नका. बसू द्या. जोर लाया का आटे मरतस."

एवढा सबुरीचा माणूस, पण घरात दोन गोड शब्द बोलायचे म्हटलं की यांची दातखीळ. हे मी रागानंच लिहिते आहे, कारण मला त्यांच्या या गोष्टीचा राग यायचा. सुमनअक्का, त्यांची बायको, शेवयांत अख्ख्या मेहरूणमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका पीठ घेऊन अक्कांच्या गच्चीवर. अक्का पिठाला नुसता तळहात लावून किती पाणी घेईल ते सांगायच्या. पाटावर वळून काठीवर टाकलेल्या त्यांच्या शेवया इतक्या बारीक, की वाऱ्यावर हलायच्या. आम्ही सगळ्या तारीफ करायचो. नाना जेवून हात धुवायचे आणि बाहेर येऊन बसायचे. 'चांगलं झालंय' एवढं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. अक्कांना साखरेचा आजार जडला आणि त्यांच्या आवडीच्या दूध-गुळातल्या शेवया त्यांच्याच ताटातून गेल्या. तरी दर उन्हाळ्यात दुसऱ्यांसाठी त्या वळतच राहिल्या.

मग दोन वर्षांपूर्वी, थंडी सरता सरता, अक्कांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. 'बरं' एवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला. होकारालाही बरं, नकारालाही बरं, आणि दुखलं तरी बरं. कुठलं 'बरं' कसलं, ते चेहऱ्याकडे बघून ओळखायला आम्ही हळूहळू शिकलो.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी नानांना म्हटलं, "पोळ्यांना एक बाई बघते." ते नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांची लोखंडी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवली, कारखान्यातला जुना खाकी शर्ट चढवला आणि गॅसपुढे उभे राहिले. सत्तरीला आलेला माणूस, भाताला पाणी किती हेसुद्धा ठाऊक नाही. अक्का डाव्या हातानं शिकवायच्या. खाटेच्या दांडीवर एकदा टकटक म्हणजे आच कमी, दोनदा म्हणजे वाढव. नानांनी सगळ्याची मापं बांधून टाकली. पातेल्यावर आतून कानशीनं रेघ ओढली, पाणी इथपर्यंत. तिखटाला छोटा चमचा, मिठाला औषधाच्या बाटलीचं बूच. चाखून मात्र कधी बघायचे नाहीत. पहिला घास तिचा, मग मी, असा नियम त्यांनी स्वतःच घातला होता.

एकदा त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ भेटायला आले. नाना भाकरी थापत होते, हात पिठानं भरलेले. ते बघून पाहुणे हळहळले, "काय वेळ आली नाना तुमच्यावर, बाईमाणसाचं काम करावं लागतंय." नानांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मागे वळून न बघता म्हणाले, "चाळीस वरीस तिनी करं, तव्हय कोनी हळहळनं नही." पाहुणे चहा न घेताच उठले.

गेल्या हिवाळ्यात अक्कांनी जेवण तोडलं. आजार नवा नव्हता. डॉक्टरांनी तपासून पाहिलं, अंगात काही सापडलं नाही. पण नाना वाढून आणायचे, त्या दोन घास घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड फिरवायच्या. ज्वारीची मऊ भाकरी नको, मुगाचं वरण नको, मेथी नको. नाना वाटी घेऊन तासतास खाटेशी बसायचे. अक्कांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मी त्या काढून कापडात बांधून ठेवल्या.

मुलगी वैशाली धुळ्याला, मुलगा सुनील सुरतेला. नानांना फोन स्पीकरवर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचं खाजगी असं काही राहत नसे. एका संध्याकाळी मी अक्कांचे पाय दाबत होते, तेव्हा वैशालीचा फोन आला. "नाना, आई अशी संपून जाईल. मी पुढच्या रविवारी येते. ती पोटभर जेवताना दिसली, तर राहू द्या तिथंच. नाही तर मी तिला घेऊन येईन. माझ्या दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, एक खाट कशीबशी बसेल. तुम्ही सुनीलकडे जा." तिचा आवाज रडवेला होता. मुलगी वाईट नाही, हे इथंच सांगून ठेवते. तिला जेवढं सुचलं तेवढं ती बोलली.

नानांनी फोन ठेवला. अक्का सगळं ऐकत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाना बाहेर ओट्यावर येऊन बसले. मी मागोमाग गेले.

"ती तिकडे, मी इकडे," ते म्हणाले. "कसं व्हई, ताई?"

मी परत आत गेले आणि अक्कांचे डोळे पुसले.

बुधवारी रफिकनं बाजारातून दोन विचित्र फळं आणली. लांबट, पिवळीधमक, खरबुजाएवढी. मुक्ताईनगरकडचा एक शेतकरी मुंबईच्या हॉटेलांसाठी हा माल लावतो, त्याच्या खोक्यातली ही दोन उरली होती. "परदेशी भोपळा आहे. शिजवला की आतून शेवया निघतात म्हणे," रफिक म्हणाला. "धान्य नाही, भाजी आहे." शेतकऱ्याला फोन लावला. पिकवतो खरा, पण खाऊन पाहिला नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मी दोन्ही फळं उचलली आणि नानांकडे नेली. डॉक्टरांनी शेवया बंद केल्या होत्या, भोपळा नाही.

नानांनी फळ हातात धरून फिरवलं, नखानं टिचकी मारून ऐकलं. मी म्हटलं, "मोबाईलवर बघते, कसं करतात ते."

"उघडल्याबिगर मशीन कळत नही, ताई. उघडी पाहू."

तिथं मी आग्रह धरायला हवा होता. गुरुवारी शाळेतून आले, तो नानांच्या गच्चीवरून धूर. आपल्याकडे भरताची वांगी भाजतात तसं त्यांनी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ते फळ अख्खं भाजलं होतं. साल काळी पडल्यावर देठापासून बुडापर्यंत उभं चिरलं. आत पिवळा गर, मधे बिया. शेवयांचा पत्ता नाही. मग नानांनी डोकं लढवलं. लहानपणी गावाकडे अंबाडीच्या काड्या भिजवून बडवायचे, तेव्हा कुठे दोरासाठी धागा सुटायचा. म्हणजे यालाही ठेचलं पाहिजे. त्यांनी भरताची बडगी, म्हणजे लाकडी उखळी, काढली, गर तिच्यात टाकला आणि मुसळीनं ठेचायला लागले. मी जिन्यावर पोचेपर्यंत त्याचा पातळ लगदा झाला होता.

तरीही फोडणी घालून, वाटीत काढून त्यांनी तो अक्कांपुढे धरला. अक्कांनी वाटीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळल्या. नाना खाटेच्या पायथ्याशी बसले. हाताला अजून काजळी होती. "जोर लाया मी," एवढंच म्हणाले. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना जे सांगितलं, ते आपल्याच हातून झालं, याचं त्यांना फार लागलं होतं. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

भाजलेल्या सालीची दोन भकलं खाटेजवळ ताटात पडली होती. थोड्या वेळानं मला चुळबुळ ऐकू आली. अक्कांनी डावा हात लांब करून एक भकल ओढलं होतं. सालीला चिकटून थोडा गर राहिला होता. त्यात नख घालून त्यांनी एक धागा सोडवला. धागा सालीच्या कडेनं आडवा आडवा सुटत गेला आणि जिथं सुरी चालली होती, तिथं पटकन तुटला. अक्का त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग तो दोन बोटांत धरून वर उचलला, उजेडात.

रविवारी सकाळी नानांनी दुसरं फळ घेतलं. मी आदल्या दिवशी सगळं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं आणि सांगायच्या तयारीनं दारात उभी होते. नानांनी पाट मांडला, फळ ठेवलं, सवयीनं देठाशी सुरी लावली. खाटेची दांडी वाजली. नाना थांबले. पुन्हा वाजली, जोरात. त्यांनी पाट उचलून खाटेशी नेला. अक्कांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि सुरी आडवी केली. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "आडवं?" त्यांनी विचारलं. "बरं," अक्का म्हणाल्या. ते कुठलं 'बरं' आहे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मी माझा मोबाईल पिशवीत टाकला.

फळाच्या जाड चकत्या झाल्या. बिया काढून नानांनी त्या इडलीच्या भांड्यात वाफवायला ठेवल्या आणि कान देऊन उभे राहिले. तेवढ्यात वैशाली आली. खांद्यावर मोठी रिकामी बॅग, आईचे कपडे भरायला. तिनं ती दाराशी ठेवली आणि विचारलं, "हे काय चाललंय?" मी तिला खुणेनं गप्प बसवलं.

चकत्या निवल्या. माझ्या घरून आणलेला जेवणाचा काटा नानांनी कडेला लावला आणि अगदी हलक्या हातानं ओढला. एक शेवई सुटली. मग दुसरी. मग अख्खं वेटोळं सुटून ताटात पडलं, पिवळं, लांब, एकेक धागा वेगळा. नानांनी काटा खाली ठेवला.

"निंघन्यात, वैशालीनी माय," ते अक्कांना म्हणाले.

तूप, जिरं, ठेचलेला लसूण, वर कोथिंबीर. शेवया मोडू नयेत म्हणून नाना श्वास रोखून परतत होते. वाटीत काढून घेऊन गेले आणि पहिला घास अक्कांना भरवला. अक्कांनी तो तोंडात धरला. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी चावला, गिळला आणि तोंड उघडलं. दुसरा घास. तिसरा. वाटी संपली. नाना उठू लागले, तर अक्कांनी डाव्या हातानं वाटी त्यांच्याकडे ढकलली. आणखी हवं होतं. नानांनी दुसरी वाटी आणली, तीही संपली. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच नानांच्या डोळ्यांत बघत जेवल्या. वैशाली दाराला टेकून रडत होती आणि रडताना आवाज करत नव्हती.

मग ती स्वयंपाकघरात आली. कढईत उरलेल्यातली चिमूटभर तिनं तोंडात टाकली, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं मलाही चिमूटभर दिली. त्यात मीठच नव्हतं. मीठ नसलेला तो गर घशाखाली उतरत नव्हता. मापाचं बूच ओट्यावर पालथं, कोरडं पडलं होतं. शेवया निघण्याच्या नादात नाना मीठ विसरले होते.

वैशालीनं मिठाचा डबा उघडला, उरलेल्यात मीठ घातलं, हलवलं आणि हाक मारली, "नाना, बसा आता, तुम्हाला वाढते." नाना जेवले. आम्हीही जेवलो. संध्याकाळच्या गाडीनं ती धुळ्याला परत गेली. बॅग आणली तशीच रिकामी नेली, आणि न्यायची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

अक्का त्यानंतर काही ठणठणीत झाल्या नाहीत. पण खात होत्या. कधी चार घास, कधी सहा. रफिकनं त्या शेतकऱ्याकडून आणखी दोनदा भोपळे आणवले, आणि नानांचा त्यावर चांगला हात बसला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी नाना चहा घेऊन गेले, तेव्हा अक्का झोपेतच गेल्या होत्या, त्याच खाटेवर, आपल्या घरात.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर सुनील वडिलांना न्यायला थांबला. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती, सुनील सामान चढवत होता. नाना ओट्यावर बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. मी शेजारी जाऊन बसले. तेच आधी बोलले.

"ताई, त्या रविवारी मी मीठ टाकंच नही व्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"संध्याकाळी भांडी घासताना. बूच कोरडं होतं." ते रिक्षाकडे बघत म्हणाले, "माझ्या ताटात मीठ होतं, म्हणजे वैशालीनं नंतर टाकलं, ते पण कळलं. तुम्ही दोघी बोलल्या नाहीत. वैशालीच्या आईनं पण तोंड फिरवलं नाही."

सुनीलनं रिक्षातून हाक मारली. नाना उठले नाहीत.

"आमच्या घरात मीठ कमी पडलं ना ताई, की मी ताट सरकावून द्यायचो. बोलायचो नाही, नुसतं सरकावायचो. ती उठायची, मीठ आणायची. चाळीस वर्षं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठायला जोर केला. मी हात दिला. उभे राहून ते घराकडे न बघता रिक्षाकडे चालू लागले, आणि पायरीवर थांबून म्हणाले, "आनि तिनी बठ्ठं खादं."